हापूस: तोडीपासून ग्राहकाच्या दारापर्यंत, क्रमाने

एप्रिलच्या शेवटी ओळखीतल्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. कुणी विचारतं, "पेटीतली निम्मी फळं पिकली, निम्मी दगड राहिली, काय चुकलं?" कुणी म्हणतं, "वरून सोन्यासारखा आंबा, कापला तर आत साका," म्हणजे गरात पांढरट, स्पंजासारखा, न पिकलेला भाग. तिसऱ्याचं दुखणं वेगळं असतं. सगळा आंबा एकदम पिकला आणि गिऱ्हाईक शोधायला दोन दिवस उरले.

या तिन्ही तक्रारी एकाच जागेवरून येतात. आपण झाडापासून सुरुवात करतो: आंबा तयार झाला, काढला, अढी घातली (पिकायला पेंढ्यात लावला), आता विकू या. क्रम उलटा हवा. ग्राहक कोणत्या दिवशी आंबा कापणार तिथून मागे मोजत यायचं आणि मग कोणत्या कलमाला झेला, म्हणजे पातं आणि जाळी असलेली आंबे तोडायची काठी, लावायचा ते ठरवायचं.

खाली लिहिलंय ते तीस-चाळीस कलमांच्या, घरच्या माणसांनी सांभाळलेल्या बागेसाठी. पाचशे कलमांच्या बागेचं गणित वेगळं असतं, त्यांना पॅकहाउस परवडतं. खतं, फवारण्या, कल्टार (मोहोर आणायचं औषध) यांत मी शिरत नाही. फळ झाडावर मोठं झालंय असं धरून पुढचं सांगतो.

## तयारी: मोहोरापासून मार्चपर्यंत

हापूसला मोहोर एकदम येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात एक, जानेवारीत दुसरा, कधी फेब्रुवारीतही. त्यामुळे एकाच कलमावर तीन वयांची फळं असतात. काढताना ती झाडाखालून सारखीच दिसतात, अढीत मात्र आपापल्या तारखेने वागतात.

म्हणून मोहोराच्या वेळीच रंगीत फिती बांधा. मी पहिल्या मोहोराच्या फांद्यांना लाल आणि दुसऱ्याच्या फांद्यांना पिवळी बांधतो. शिंप्याकडच्या चिंध्याही चालतात. फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात, तेव्हा फीत बांधल्याची तारीख वहीत असली की पहिल्या तोडीचा अंदाज फेब्रुवारीतच बांधता येतो.

मार्च लागायच्या आत या गोष्टी हाताशी हव्यात:

- झेला, पातं धार लावलेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला असेल तर उत्तम, कारण तो देठ कापतो, ओढून तोडत नाही.
- प्लॅस्टिकचे क्रेट, तळाशी गोणपाट किंवा पेंढा घातलेले.
- नवा, कोरडा भाताचा पेंढा. गेल्या वर्षीचा काळपट पडलेला, कुबट वासाचा पेंढा गुरांच्या गोठ्यात जाऊ दे.
- वजनकाटा, खडू, वही.
- खोकी. ही हंगामात मागवू नका. एप्रिलमध्ये सगळ्या कोकणाला एकाच आठवड्यात खोकी हवी असतात.
- अढीची खोली: सावलीची, वारा खेळणारी, पत्र्याखाली नसलेली.

पत्र्याखालच्या अढीत मेच्या दुपारी आंबा पिकत नाही, उकडतो. जागा तेवढीच असेल तर पत्र्यावर झावळ्या टाका आणि भिंतीला वरच्या अंगाला झरोके ठेवा.

तपासा: वहीत प्रत्येक कलमाला नंबर आहे का? "विहिरीजवळचं", "काकांनी लावलेलं" ही नावं तुम्हाला कळतात, तोडणीच्या गड्याला कळत नाहीत.

## १. आधी ऑर्डर, मग तोड

समजा अक्षय्य तृतीया शुक्रवारी आहे आणि पुण्यातल्या दहा घरांना त्या दिवशी आंबा हवाय. मागे मोजू या.

शुक्रवारी फळ खाण्याजोगं हवं. बुधवारी पेटी घरी पोचावी, म्हणजे प्रवासाने दमलेला आंबा दोन दिवस मोकळा बसेल. त्यासाठी मंगळवारी संध्याकाळी गाडीत चढवायचा. हापूस साध्या अढीत तोडीपासून सुमारे दहा दिवसांत पिकतो, म्हणजे तोड त्याच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी. त्या मंगळवारी तयार असतील एवढी फळं कोणत्या कलमांवर आहेत ते वहीत बघा. असतील तेवढ्याच ऑर्डर घ्या. बाकीच्यांना सरळ पुढची तारीख द्या.

दहा दिवस हा मधल्या हंगामाचा हिशेब झाला. मार्चात रात्री गार असतात तेव्हा बारा दिवसही लागतात. मे सरता सरता सात-आठ दिवसांत काम होतं. तुमच्या खोलीचा आकडा तुमचाच असेल. पहिल्या तोडीची एक डझन फळं विकायला न काढता घरी ठेवा आणि कोणत्या दिवशी काय झालं ते लिहा. त्या एका डझनाने पुढचा हंगाम सुटसुटीत जातो.

ऑर्डर घेताना चार गोष्टी लिहून घ्या: किती डझन, कोणत्या आकाराचे, कोणत्या दिवशी *खायचे* (पोचायचे नव्हे) आणि निम्मी रक्कम आगाऊ आली का. आगाऊ पैसे मागायला आपण लाजतो. पैसे न दिलेला माणूस पेटी पोचल्यावर "गावाला आलोय, शेजाऱ्यांकडे ठेवा" म्हणतो आणि शेजारी चार दिवस पेटी गॅलरीत उन्हात ठेवतात.

सावधान: व्हॉट्सअ‍ॅपवर "आंबा तयार आहे" असा फोटो सगळ्यांना एकदम पाठवू नका. एका रात्रीत साठ डझनांची मागणी येते, तुमच्याकडे असतात वीस, आणि मग नाही म्हणवत नाही म्हणून माणूस कोवळी फळं काढतो.

## २. फळ तयार आहे का?

बहुतेक नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कोकणात तयार फळाचं माप आण्यांत सांगतात. चौदा आणे तयार, म्हणजे सोळा आण्यांतले चौदा भरले, दोन राहिले. हापूस काढायचा तो याच वेळी. बारा आण्यांना काढला तर अढीत सुरकुततो, आंबट राहतो. सोळा आण्यांची वाट पाहिली तर साक्याचं प्रमाण वाढतं, कारण साका फळ झाडावरच शेवटच्या टप्प्यात असताना धरतो. तापलेल्या जमिनीची धग त्याला आणखी हातभार लावते. म्हणूनच कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं. जाळून "स्वच्छ" केलेली बाग फोटोत छान दिसते, फळाला मात्र भाजते.

चौदा आणे ओळखायचे कसे?

खांदे बघा. तयार फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या फळाचे खांदे उतरते असतात, देठाकडून घसरगुंडी असल्यासारखे. रंग गडद हिरव्याचा फिका, पोपटीकडे झुकलेला होतो. सालीवरचे बारीक ठिपके ठळक होतात.

झाडाला पाड लागला, म्हणजे एखाददुसरं फळ आपोआप पिकून खाली आलं, की त्या *मोहोराची* फळं तयार झाली. सगळ्या झाडाची नव्हे. पाड दिसला की आख्खं कलम उतरवायचं ही सवय आपल्याला रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी, आंब्याने लावली. हापूसला ती महागात पडते.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर पाण्याची परीक्षा घ्या. कलमाच्या वेगवेगळ्या बाजूंची दहा फळं काढा. एका बादलीत साधं पाणी भरा. दुसरीत १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम मीठ विरघळवा. फळ आधी साध्या पाण्यात सोडा. तरंगलं तर कोवळं. बुडालं तर उचलून मिठाच्या पाण्यात सोडा. तिथे तरंगलं तर वेळ बरोबर साधलीय. मिठाच्या पाण्यातही तळाला जाऊन बसलं तर ते पुढे गेलंय आणि त्यात साका निघायची भीती जास्त. दहांतली सात-आठ फळं मधल्या गटात बसली की झेला उचला.

पहिल्यांदा ही परीक्षा घेतली तेव्हा मला वाटलं होतं आपला आंबा चांगला भरलाय. दहांतली सहा फळं साध्या पाण्यावर बदकांसारखी तरंगत होती. आठ दिवस थांबलो. शेजारी हसले, त्यांचा माल तोवर वाशीच्या घाऊक बाजारात पोचला होता. त्यांची पट्टी, म्हणजे दलालाकडचा विक्रीचा हिशेब, आली तेव्हा हसू थोडं कमी झालं.

सावधान: मिठाच्या पाण्यातून काढलेली फळं साध्या पाण्याने धुवा. नाहीतर सालीवर पांढुरका थर राहतो.

## ३. तोड

सकाळी दव उडाल्यावर सुरू करा, दहाच्या आत थांबा. उरलेलं काम चारनंतर. दुपारच्या उन्हात काढलेलं फळ हातात धरूनच गरम लागतं आणि ती धग अढीत घेऊन जातं.

फवारणी केली असेल तर बाटलीवर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी उलटला आहे ना, ते वहीत बघून मगच झेला लावा.

देठ चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापा. देठाशिवाय ओढलेल्या फळाचा चीक पिचकारीसारखा उडतो, सालीवर ओघळतो, आणि चौथ्या दिवशी तिथे काळा पट्टा दिसतो. ग्राहक त्याला "सडका" म्हणतो. आतून फळ उत्तम असतं, पण त्याला पटवून देत बसणार कोण?

झेल्यात एका वेळी चार-पाच फळंच. भरलेला झेला खाली आणताना फांदीला आपटू नये. झाडावरून दोरीने टोपली सोडणार असाल तर खाली धरणारा माणूस हवाच.

जमिनीला लागलेलं फळ वेगळ्या क्रेटमध्ये टाका, मग ते कितीही सुंदर दिसो. मुका मार वरून दिसत नाही. ते फळ अढीत सर्वांत आधी काळं पडतं आणि शेजारच्या चार फळांना घेऊन जातं. गड्यांना हे पटवणं कठीण असतं, कारण पडलेलं फळ गुपचूप चांगल्यात सरकवण्यात त्यांना मालकाचा फायदाच दिसतो. मी पडलेल्या फळांतली निम्मी त्यांनाच घरी देतो. त्या दिवसापासून माझ्या चांगल्या क्रेटमध्ये पडलेलं फळ आलेलं नाही.

क्रेट झाडाखाली सावलीत. तिथून तासाभरात शेडमध्ये.

तपासा: प्रत्येक क्रेटवर खडूने कलमाचा नंबर, फितीचा रंग आणि तारीख लिहिली आहे का? नसेल तर पुढच्या क्रेटला हात लावू नका.

## ४. चीक, धुणं, वाळवणं

शेडमध्ये देठ छाटून सुमारे एक सेंटिमीटर ठेवा. फळ उलटं, देठ खाली करून बांबूच्या किंवा लोखंडी जाळीवर ठेवा, म्हणजे चीक सालीला न लागता खाली गळेल. तासभर पुरे. ही एक पायरी वगळणारे खूप. वेळ नसतो म्हणतात. मग आठव्या दिवशी एकेक डागी फळ निवडायला तेवढाच वेळ जातो.

नंतर स्वच्छ पाण्यात बुडवून काढा आणि पंख्याखाली किंवा वाऱ्यावर सावलीत पूर्ण कोरडं करा. ओलं फळ पेंढ्यात गेलं की बुरशी आलीच.

करपा किंवा देठाकडून येणारी कूज दरवर्षी त्रास देत असेल तर धुण्याच्या पाण्याऐवजी ५२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवणं उपयोगी पडतं. पण थर्मामीटर हवाच. हाताने अंदाज घेऊन केलं तर साल पोळते. पाणी वर उकळतं आणि तळाशी कोमट अशी अवस्था होऊ नये म्हणून सतत ढवळत राहायला एक माणूस लागतो. तेवढी माणसं नसतील तर हा प्रयोग करू नका, साध्या पाण्यावर भागवा.

## ५. प्रतवारी

अढी घालायच्या *आधी* करा, नंतर नाही. पिकलेलं फळ जितक्या हातांतून जातं तितके त्याच्यावर ठसे उमटतात.

बाजारात आकार डझनांनी बोलतात: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, म्हणजे पेटीत जितके जास्त डझन मावतील तितकं फळ लहान. घरगुती ग्राहकाला ही भाषा कळत नाही, तेव्हा त्याला ग्रॅममध्ये सांगा. मी चार गट करतो: ३०० ग्रॅमच्या वर, २५० ते ३००, २०० ते २५० आणि त्याखालचे. मधले दोन गट सर्वांत जास्त खपतात. ३००च्या वरचं फळ भेट द्यायला लोक मागतात, पण त्यातच साक्याची तक्रार जास्त येते असा माझा अनुभव आहे. म्हणून ते मी ओळखीच्याच लोकांना देतो.

डागी, वेडीवाकडी, तुडतुड्याच्या चिकट्याने काळवंडलेली फळं बाजूला. फळमाशीचा डंख, म्हणजे टाचणी टोचल्यासारखं भोक आणि भोवती मऊ कडा, दिसला तर ते फळ विकायचं नाहीच, बागेतही टाकायचं नाही. खोल पुरा. टाकलंत तर पुढची पिढी तिथेच जन्माला येते. बागेत फळमाशी पकडणारे रक्षक सापळे लावलेले असले तरी हे करावंच लागतं.

## ६. अढी

जमिनीवर चार बोटं जाडीचा पेंढा पसरा. त्यावर फळांचा एक थर, देठ वर, एकमेकांना चिकटू न देता. वर पेंढ्याचा पातळ थर, मग फळांचा दुसरा थर, आणि शेवटी पेंढ्याचं पांघरूण. मी दोनच थर लावतो. तिसरा लावता येतो, चौथ्याने मात्र खालची फळं चेपतात आणि मध्ये ऊब साठते.

या टप्प्यावरच्या चुका, ज्या मी स्वतः केल्यात किंवा शेजारी पाहिल्यात:

- दोन तोडी एका अढीत मिसळणं. पिकत आलेलं फळ इथिलीन वायू सोडतं आणि शेजारच्या कच्च्यालाही घाई करतं. तुमचा कागदावरचा हिशेब तिथेच मोडतो.
- लवकर पिकावं म्हणून वर गोधड्या आणि ताडपत्री घालणं. रंग येतो, आतला गर पाणचट होतो.
- दर तासाला उघडून बघणं. तिसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. चौथ्या दिवसापासून रोज एकदा.
- अंगठ्याने दाबून बघणं. पाच माणसांनी एकेकदा दाबलं की त्या फळाला पाच खड्डे. फळ तळहातात धरून सगळ्या बोटांनी हलकं तोला.

नाक हे अढीतलं सर्वांत चांगलं यंत्र. रंगाच्या आधी देठाजवळ वास येतो. हापूसची साल मार्चअखेर छान केशरी होते, मेच्या उकाड्यात मात्र फळ पिकूनही साल हिरवट राहू शकते. ग्राहकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पिकलेला आंबा पिकायची वाट बघत ठेवून देईल.

रसायनांबद्दल थोडक्यात. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. "एक पुडी टाकली तर काय होतं" म्हणणाऱ्याकडे जेवायलाही जाऊ नये. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), आणि त्याची पुडी वापरली तरी ती फळाला लागता कामा नये. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात फळं बुडवणं नियमात बसत नाही. जवळपास कुणाची रायपनिंग चेंबर भाड्याने मिळत असेल आणि तुमचा माल एका वेळी पन्नास डझनांच्या वर जात असेल तरच तो विचार करा. लहान बागेला पेंढा पुरतो.

सावधान: कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवून "थांबवता" येत नाही. १३ अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते. साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावर फळ नीट पिकतच नाही. थांबवायची गरज पडलीच तर पिकलेलं फळ फ्रिजमध्ये जाऊ शकतं, कच्चं नाही.

## ७. भरणी

लांब पाठवायचा आंबा पूर्ण पिकलेला नसावा. रंग फिरायला लागलाय, देठाशी वास आहे, हाताला अजून टणक आहे, अशा अवस्थेत तो प्रवास सोसतो. अढीच्या सहाव्या-सातव्या दिवशी हा क्षण येतो. गावातल्या गावात किंवा येऊन नेणाऱ्याला आठव्या-नवव्या दिवशी द्या.

खोकं पाच पदरी पुठ्ठ्याचं, बाजूंना हवेची भोकं असलेलं. एक किंवा दोन डझनांचं. लाकडी पेटी बाजाराला ठीक आहे, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना ती उघडायला हातोडी शोधावी लागते. तळाला पेंढा किंवा कागदाच्या कापट्या, मग फळं, थरांमध्ये पुठ्ठा. गुंडाळायला कोरा कागद घ्या. वर्तमानपत्राची शाई खाण्याच्या वस्तूला लागू नये. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, घाम येऊन फळ कुजतं.

एकच कसोटी: झाकण बंद करताना दाबावं लागलं तर एक फळ काढा. बंद खोकं हलवल्यावर आत काही सरकलं तर कापट्या वाढवा. वरच्या खोक्याचा भार खालच्या खोक्याच्या भिंतींनी पेलायचा, आंब्यांनी नाही.

खोक्यावर लिहा: तोडीची तारीख, वजनाचा गट, कलम नंबर, "अमुक तारखेपासून खाण्याजोगा", गावाचं नाव आणि तुमचा फोन. कलम नंबर ग्राहकासाठी नाही, तुमच्यासाठी. एकाच कलमाबद्दल तीन तक्रारी आल्या की पुढच्या वर्षी त्याची तोड चार दिवस आधी करायची.

नावाबद्दल एक गोष्ट. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लागतं. खोक्यावर मानांकनाचा शिक्का हवा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती हंगामाआधी करून घ्या. आणि राजापुरातल्या आंब्यावर "देवगड" लिहू नका. कर्नाटकचा आंबा आपल्या नावावर विकला जातो म्हणून आपण ओरडतो, तेव्हा आपलं खोकं तरी खरं बोलू दे.

## ८. रवानगी

माझा पहिला मोठा माल बावीस खोक्यांचा होता, रात्रीच्या खाजगी बसने पुण्याला. मी खोकी संध्याकाळी चार वाजता नेऊन दिली, बस सुटली नऊला. पाच तास ती एका सिमेंटच्या ओट्यावर उन्हात होती, मग डिकीत इंजिनाच्या अंगाला. सकाळी पुण्यात पाच खोक्यांचे तळ ओले होते. बसवाल्याशी भांडून काही मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर चूक माझीही होती. तेव्हापासून तीन नियम.

माल गाडी सुटायच्या तासभरच आधी न्यायचा. डिकीत कुठे ठेवतात ते स्वतः उभं राहून बघायचं. आणि ज्या गावात आठ-दहा ग्राहक आहेत तिथे एका ओळखीच्या घरी सगळी खोकी उतरवायची, तिथून ज्याने त्याने न्यायची. दारोदार पोचवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि फळ कमी हाताळलं जातं. त्या घराला दोन डझन आंबे फुकट द्या, ते पुढच्या वर्षीही दार उघडतील.

गाडी सुटली की ग्राहकाला निरोप पाठवा. मी हाच पाठवतो:

"पेटी उद्या सकाळी पोचेल. लगेच उघडा. फळं बाहेर काढून एका थरात, सावलीत, कागदावर ठेवा. फ्रिजमध्ये आत्ता ठेवू नका. साधारण दोन दिवसांत खाण्याजोगी होतील. कापण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा. काही फळ खराब निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली देईन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी बारा डझनांमागे एक डझन बदलीचं धरूनच भाव ठरवतो. बदली दिलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी चार नवे घेऊन येतो, हुज्जत घातलेला कायमचा जातो.

## ९. भाव आणि उरलेला माल

भाव ठरवताना वाशीच्या बाजारभावावर चार पैसे चढवून मोकळे होऊ नका. डझनामागे तोडणीची मजुरी, राखण, खोकं, पेंढा, गाडी, बदली आणि फोनवर बसलेला तुमचा वेळ लिहा. वेळाचे पैसे लावले नाहीत तर थेट विक्री नेहमीच फायद्याची दिसते. मेमध्ये भाव उतरतात हे ग्राहकालाही कळतं. त्याला मार्चचा भाव सांगून फसवू नका, दोन भावांचं पत्रक आधीच द्या.

सगळा माल थेट विकायचा हट्टही धरू नका. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे, म्हणून वाशी बंद झाली असं नाही. माझ्याकडे वरचे दोन-तीन गट ओळखीच्या ग्राहकांना जातात. एकदम तयार झालेला जास्तीचा माल बाजाराला, आणि डागी व लहान फळं कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला, किलोवर. पट्टी आली की वजन, नग आणि भाव आपल्या वहीशी ताडून बघा, त्याच दिवशी फोन करा. पंधरा दिवसांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

नवे ग्राहक हवे असतील तर पणन मंडळाच्या पुण्यातल्या आंबा महोत्सवासारख्या ठिकाणी गाळा घेऊन बसा. गाळ्याचा अर्ज हंगामाच्या खूप आधी करावा लागतो. तिथे विक्रीपेक्षा फोन नंबर गोळा करण्यावर भर द्या.

## १०. शेवटची तोड

वळवाचा पहिला पाऊस पडला की थेट विक्री बंद. पावसानंतरच्या फळात फळमाशी आणि करप्याचं प्रमाण वाढतं, आणि चवही उतरते. दोन महिने कमावलेलं नाव शेवटच्या पाच डझनांत जाऊ शकतं. झाडावर राहिलेलं सगळं उतरवून कॅनिंगला द्या, थोडं घरच्या साठांना (आंबापोळीला) आणि लोणच्याला ठेवा.

मग जून लागायच्या आत, पाऊस धरायच्या आधी, अढीतला पेंढा बाहेर काढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. क्रेट धुऊन उन्हात वाळवा. झेल्याचं पातं पुसून तेल लावून टांगा. आणि वहीतल्या तक्रारी कलमांच्या नंबरांपुढे उतरवून घ्या. हे काम पावसाळ्यात निवांत करू म्हटलं की राहतं, आणि पुढच्या मार्चात ते साक्याचं कलम सतरा नंबरचं होतं की सत्तावीस, हे कुणालाच आठवत नाही.